झिजलेल्या फळीचा निकाल

माझ्या कामाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस ते पुन्हा एकदा विचारतो. मी पिनबॉलची जुनी मशिनं दुरुस्त करतो, आणि तेही कोल्हापुरात. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी विचारलं, "म्हंजे नेमकं काय करतासा?" मी सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे झालं हौसेचं. पोटापाण्याचं काय?"

पोटापाण्यासाठी मी वजनकाटे दुरुस्त करत आलो. गुळाच्या अडती, किराणा दुकानं, सराफांच्या पेढ्या, सगळीकडे माझ्या हाताखालून गेलेले काटे आहेत. त्यांच्यावर घर चाललं, मुलं शिकली. वजनकाट्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढे काटा आला नाही, पिनबॉलच आला.

मी चंदगड तालुक्यातल्या एका लहान गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आठवीत असताना विज्ञानाच्या गुरुजींनी एका लोखंडी खिळ्याला तांब्याची तार गुंडाळली, टॉर्चचे सेल जोडले आणि त्या खिळ्यानं टाचण्या उचलून दाखवल्या. तार सोडली, टाचण्या पडल्या. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की गुरुजींचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. टाचण्या पडलेल्या मात्र सगळ्यांनी पाहिल्या. पुढे त्याच गुरुजींनी वडिलांची समजूत घालून मला कोल्हापूरला पाठवलं आणि बोर्डिंगात राहून मी बी. एस्सी. झालो. त्यांचे उपकार मी आजही मानतो.

शेवटच्या वर्षाला संध्याकाळी मी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचो. तिथे एका क्लबातून पिनबॉलचं मशीन आलं. मालकांनी काच काढली, मोटारीचं बॉनेट उचलावं तशी आतली फळी वर उचलली आणि मला खाली बघायला सांगितलं. फळीखाली गुरुजींचे खिळेच खिळे होते. प्रत्येकाला तार गुंडाळलेली, प्रत्येक जण काहीतरी ओढायला नाहीतर सोडायला तयार. मला अगदी ओळखीच्या घरी आल्यासारखं वाटलं.

सुट्टीत गावी जाऊन वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "इतकं शिकून खेळणीच दुरुस्त करायचास व्हय?" त्यांना एकदा चालू मशीन दाखवायचं होतं. ते राहून गेलं, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

ज्यांनी पिनबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कमरेइतक्या उंचीची एक लांबट पेटी असते, वर काच. काचेखाली रंगवलेली लाकडी फळी, खेळणाऱ्याकडे उतरती. स्प्रिंगच्या दांड्यानं स्टीलचा बॉल वर सोडायचा. तो खाली येताना रबरी कड्यांवर आपटतो, बंपर नावाच्या गोल टोप्या त्याला लाथाडतात, दिवे लागतात, घंटा वाजतात, आकडे वाढतात. सगळ्यात खाली बोटभर लांबीचे दोन हात असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण असतं. ते दाबलं की फ्लिपर उडतो आणि बॉलला वर परत पाठवतो. दोन्ही फ्लिपरांच्या मधून बॉल निसटला की गेला. खेळ एवढाच.

मशीनमधलं विजेचं काम फारसं बिघडत नाही. झिजते ती फळी आणि फळीवरचा संसार. रबरी कडी वाळून तडकतात. फ्लिपरचा दट्ट्या आपल्या नळीत खालीवर होऊन ढिला पडतो. आणि बॉल वर्षानुवर्षं ठरावीक वाटांनीच घरंगळत असल्यामुळे त्या वाटांवरचा आधी लाखेचा थर जातो, मग रंग, मग लाकडाचा वरचा पापुद्रा. शेवटी गाडीवाटेवर चाकोरी पडते तशी फळीवर खोबण पडते. सुटे भाग विकत कुठं मिळत नाहीत. म्हणून दट्ट्ये मी उद्यमनगरात लेथवर कातून घेतो, रबरी कड्यांच्या जागी पाण्याच्या पंपाच्या रिंगा बसवतो, स्विचचे चांदीचे टिकले हुपरीहून आणतो आणि फळीचा रंग दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घेतो. परदेशातला एखादा कारागीर माझं मशीन उघडून बघेल तर त्याला चक्कर येईल. पण मशीन चालतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. गगनबावड्याच्या एका हॉटेलवाल्याचं मशीन पावसाळ्यात दमट होऊन बंद पडायचं. मी त्यांना "आत ऊब राहू दे" असं सांगितलं. माझ्या मनात होतं की दिवे चालू ठेवावेत. त्यांनी मशीनखाली कोळशाची शेगडी ठेवली. दुसरे एक कारखानदार. त्यांच्या मशीनचे फ्लिपर दर वर्षी दसरा झाला की अडकायचे. मला कारण सापडेना. शेवटी एकदा खंडेनवमीलाच त्यांच्याकडे गेलो तर ते लेथ, ड्रिल, कंप्रेसर अशी पूजा करत करत पिनबॉलपाशी आले, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि प्रेमानं तेलाच्या कॅनचं तोंड फ्लिपरच्या बुडाला लावलं. मी हात धरला. पिनबॉलला तेल चालत नाही. तेलात धूळ मिसळून त्याची खळ होते आणि दट्ट्या चिकटतो. ते म्हणाले, "अहो, सणाच्या दिवशी मशीन कोरडं ठिवायचं?" ऑइल इंजिनांच्या गावात या प्रश्नाला उत्तर देणं मला आजवर जमलेलं नाही.

आता ज्या कामासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

अलीकडचीच गोष्ट. एके सकाळी दुकानात गुळाच्या अडतीचे एक मालक आले. उंच, भरदार आवाज, पांढरा शर्ट. भूपालअण्णा. त्यांचा काटा बिघडला असेल म्हणून मी पान्हे घ्यायला वळलो.

"काटा न्हाय पावणं. पिनबॉल हाय आमच्याकडं. आमच्या वडलांचा. नीट करून पायजे."

त्यांचे वडील, अप्पा, एके काळी अडत सांभाळून एस.टी. स्टँडामागं खेळांचं पार्लर चालवायचे. पार्लर बंद झाल्यावर मशीन गुळाच्या गोदामात जाऊन पडलं होतं.

"एकच सांगतो," अण्णा म्हणाले, "फळीवर डावीकडं एक खोबण पडलीया. तिला हात लावायचा न्हाई. बाकी काय करायचं ते करा."

ते गेले आणि तासाभरात दुसरे गृहस्थ आले. हे डॉक्टर सुकुमार, अण्णांचे धाकटे भाऊ, दातांचे डॉक्टर. ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अण्णा येऊन गेला असेल. माझं म्हणणं एवढंच की फळी पूर्ण सपाट करा. ती डावीकडची खोबण आधी बुजवा."

मला उलगडा होईना. मग त्यांनी सांगितलं. अप्पा गेल्यावर वाटणी झाली. अडत, शेत, घर, भांडी, सगळं दोघांत वाटलं गेलं. राहिलं फक्त हे मशीन. अण्णांना ते हवं होतं, कारण कॉलेज बुडवून त्यांनी त्यावर हात बसवला होता. डॉक्टरांना ते हवं होतं, कारण त्यांना लहानपणी त्याला हात लावू दिला नव्हता. वाटणीला बसलेले मामा कंटाळून म्हणाले, "आता खेळूनच ठरवा जावा." मामा थट्टेनं बोलले होते. हे दोघे कोल्हापूरचे, त्यांनी ते मनावर घेतलं. मशीन दुरुस्त करायचं, दोघांनी खेळायचं, जिंकेल त्यानं न्यायचं. तोवर दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद पडलं होतं, त्यामुळे हाही करार बायकांमार्फत झाला होता.

"आणि खोबणीचं काय?" मी विचारलं.

"अहो, बॉल त्या खोबणीत पडला की सरळ उजव्या फ्लिपरच्या टोकावर येतो. तिथनं अण्णा तो वरच्या, सगळ्यात जास्त गुणांच्या भोकात घालतो. आयुष्यभर त्यानं तेवढंच केलंय."

म्हणजे मी खोबण ठेवली तर अण्णा जिंकणार आणि बुजवली तर डॉक्टर. इतकी वर्षं मी फळ्या भरल्या, पण पुट्टी भरताना निकाल देतोय असं कधी वाटलं नव्हतं.

मशीन त्यांच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, आणून ठेवलं होतं. गंगावेशीच्या बाजूला जुनं घर. मधोमध नवी भिंत घातलेली. रस्त्यालगतचा सोपा तेवढा सामायिक राहिलेला. सोप्यातून आत जायला दोन दारं, डावं अण्णांचं, उजवं डॉक्टरांचं. मी मधोमध मशीन उघडून बसलो. दोन्ही दारांतून चहा यायचा. एकीकडचा घेतला आणि दुसरीकडचा नको म्हटलं तर पक्षपात झाला असता, म्हणून दोन्ही प्यायचो.

"मेस्त्री, डॉक्टरला सांगा, दिवसा काम चालू असताना टक लावून बघत बसू नये म्हणावं," अण्णा आपल्या दारातून म्हणायचे. डॉक्टर आपल्या दारात उभेच असायचे. ते म्हणायचे, "मेस्त्री, त्यांना सांगा, सोपा सामायिक आहे."

मशीनची अवस्था वाईट होती. गोदामातला गूळ विरघळून पेटीत उतरला होता आणि मुंगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आत संसार केला होता. मी फळी सोडवली, कोमट पाण्याच्या फडक्यानं गूळ काढला, मग स्पिरिटनं पुसलं. मेलेले मुंगळे ब्रशनं झाडले. एक फ्लिपर दट्ट्यासकट चिकटून बसला होता. बंपरच्या टोप्या पिवळ्या पडल्या होत्या. आणि अण्णांची ती खोबण होतीच. बोट फिरवलं की कळायची.

याच दिवसांत महिन्याची एक तारीख आली. सकाळी डावं दार उघडलं आणि एक लोखंडी ट्रंक बाहेर आली. पाठोपाठ गुंडाळलेली वळकटी, पाण्याचा तांब्या, आणि हातात जपाची माळ घेतलेल्या एक वयस्क बाई. ही वरात माझ्या मशीनला वळसा घालून उजव्या दारातून आत गेली. त्या अव्वा, दोघा भावांची आई. माहेर निपाणीकडचं, म्हणून घरात आईला अव्वा म्हणायची रीत. वाटणीत ठरल्याप्रमाणे त्या एक महिना थोरल्याकडे आणि एक महिना धाकट्याकडे राहायच्या. दोन्ही सुना चांगल्या होत्या. ट्रंक मोलकरणीला उचलू न देता स्वतः उचलायच्या. तरी ती ट्रंक सोप्यातून जाताना मला काम थांबवावंसं वाटलं.

दुपारी डॉक्टर दवाखान्यात आणि अण्णा अडतीवर गेले की अव्वा सोप्यात येऊन बसायच्या आणि मशीनकडे बघायच्या. मला त्या तम्मा म्हणू लागल्या. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

एके दिवशी मी पेटीच्या बाजू घासून साफ करायला घेतल्या. वरचा काळपट थर निघाला तसे बटणाखाली बारीक ओरखडे दिसू लागले. एक-दोन नव्हे, शेकडो, एकमेकांवर गिरवलेले, सगळे आडवे आणि किंचित गोलाकार. पलीकडच्या बाजूला बघितलं तर तिथेही तसेच, त्याच उंचीवर. मशिनांच्या पेट्यांवर मी पुष्कळ खुणा पाहिल्या आहेत. अंगठ्यांच्या, घड्याळांच्या, पट्ट्याच्या बकलाच्या. पण घड्याळ एका हातात असतं. दोन्ही मनगटांपाशी सारखे ओरखडे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी पॉलिश पेपर हातात घेतला आणि सहज विचारलं, "अव्वा, हे घासून काढू का? नवं दिसेल."

"ऱ्हाऊ दे ते."

मी वर बघितलं. त्यांची नजर ओरखड्यांवर होती.

"बांगड्यांचे आहेत," मी म्हणालो.

त्या जरा वेळ माळ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुपारच्याला मी डबा घिऊन जात हुतो पार्लरात. शटर अर्धं खाली ओढून ह्ये जेवायला बसायचं. मी म्हटलं, बघू तरी एकदा काय असतंय. मग रोजचंच झालं. ह्ये जेवायचं आणि मी खेळायचो. जेवण झालं की डबा घिऊन घरला." (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, परगावच्या वाचकांनी गोंधळू नये.)

"मुलांना माहीत आहे?"

"त्यास्नी कशाला? अडतवाल्याची बायको पार्लरात खेळती म्हटल्यावर गावानं काय म्हटलं असतं. ह्येंनी पण कुणाला सांगितलं न्हाई. एवढंच विचारायचं, आज किती?"

मी पॉलिश पेपर खाली ठेवला. "मग अव्वा, हे मशीन तुम्हीच का मागत नाही? दोघांचं भांडणच मिटेल."

त्या हसल्या. "मागू, पण ठिवू कुठं? ह्या महिन्यात हिकडं, पुढच्या महिन्यात तिकडं. माझी ट्रंक बघितलास न्हवं? तेवढंच माझं. ह्ये काय ट्रंकंत बसतंय?"

त्यांनी पुढे बजावलं, "पोरांना बोलायचं न्हाई हां तम्मा." मी शब्द दिला. फक्त एक विचारून घेतलं. खोबणीचं काय करू? अव्वांनी उठून खोबणीवरून बोट फिरवलं.

"बुजव. त्या खोबणीनं लई लाड केल्यात. बॉल आपसूक येतोय, त्यात खेळ कसला?"

मी खोबण बुजवली. बारीक भुसा एपॉक्सीत कालवून भरला, वाळल्यावर घासला, पेंटरकडून रंग जुळवून घेतला, वर मोटारीला मारतात तसला पारदर्शक थर दिला. फळी अशी झाली की बोट घसरत जावं. स्वतःचं कौतुक करू नये, पण ते काम चांगलं झालं. अण्णांनी येऊन बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या शेताचा बांध कोरलाय.

"कुणी सांगितलं बुजवायला?"

"अव्वांनी."

त्यांनी फळीवरचं बोट उचललं आणि आपल्या दाराकडे वळले.

खेळ रविवारी दुपारी ठरला. अव्वा जैन रिवाजानं दिवस मावळायच्या आत जेवतात, त्याआधी निकाल लागायला हवा होता. सोप्यात दोन्ही घरची माणसं जमली. डावीकडची डावीकडे बसली, उजवीकडची उजवीकडे. मी मशीन चालू केलं. दिवे लागले, आकड्यांची चाकं फिरून शून्यावर आली आणि दोन्हीकडची माणसं पुढे सरकली. इतक्या वर्षांनी ते जिवंत झालेलं सगळ्यांनी पाहिलं.

लगेच वाद सुरू झाला. आधी एक बॉल चाचणीचा सोडायला हवा, मशीन कुणाच्या बाजूला ओढत नाही ना ते बघायला. तो कोण सोडणार? अण्णा म्हणाले, मेस्त्रींना सांगा, डॉक्टर नको. डॉक्टर म्हणाले, मेस्त्रींना सांगा, अण्णा तर नकोच. मी पुढे झालो तर दोघेही म्हणाले, तुम्ही बाजूला व्हा, तुमचं मशीन तुम्ही चांगलंच दाखवणार.

शेवटी अण्णाच म्हणाले, "अव्वा, तू सोड की एक बॉल. तू काय कुणाच्या बाजूची न्हाईस."

"मला काय जमतंय," अव्वा म्हणाल्या, आणि उठल्या.

मशीनसमोर उभ्या राहून त्यांनी मनगटातली सोन्याची एकेक बांगडी कोपराकडे सरकवली. पदर खोचला. पाय थोडे फाकवून उभ्या राहिल्या. दांडा पूर्ण न ओढता, अर्ध्यापेक्षा जरा जास्त ओढून सोडला. नवखा माणूस दांडा पूर्ण ओढतो. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

बॉल बंपरांत सापडला, घंटा वाजल्या, तो खाली आला. अव्वांनी फ्लिपर उडवला नाही, नुसता वर धरून ठेवला. बॉल त्यावर टेकला, थांबला, हळूच टोकाकडे घरंगळू लागला, आणि मग त्यांनी मारला. वरच्या भोकात. पुन्हा खाली आला, पुन्हा धरला, पुन्हा भोकात. अण्णांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"अव्वा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तू हे कधी..."

"गप बस. बॉल बघू दे."

बॉल गेला तेव्हा आकड्यांची चाकं पार पुढे गेली होती. अव्वांनी पदर सोडला आणि सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मशीन सरळ हाय," त्या म्हणाल्या. "आता तीन गडी. मी पण खेळणार."

कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही.

पाच पाच बॉल. आधी अण्णा खेळले. पहिले दोन बॉल खोबणीची वाट बघण्यात गेले. मग त्यांना लय सापडली आणि बरे गुण झाले. मी आकडा खडूनं फरशीवर लिहिला. नंतर अव्वा खेळल्या आणि त्यांचा आकडा लिहिल्यावर अण्णा मुकाट्यानं आपल्या दाराशी जाऊन बसले. मग डॉक्टर आले. डावखुरे आहेत, हात शांत, दाताच्या कामाचा सराव. तीन बॉलमध्ये ते अव्वांच्या जवळ आले. चौथा बॉल डाव्या फ्लिपरवरून आरामात खाली गेला.

"सुकुमार," अव्वा म्हणाल्या, "बटण दाबलं न्हाईस तू."

"चुकलं गं."

"चुकलं न्हाई, सोडलास. मला भीक नको. पयल्यापास्नं खेळ."

"अव्वा, अगं..."

"पयल्यापास्नं. न्हाईतर मशीन आण्णाला दे आणि हो बाजूला."

डावीकडून अण्णा म्हणाले, "खेळ की रे नीट. ती काय अशी ऐकणार हाय व्हय?" वाटणीनंतर त्यांनी धाकट्या भावाला थेट काही म्हणायची ही पहिलीच वेळ. डॉक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि खेळ पुन्हा सुरू केला.

या वेळी ते खरे खेळले. शेवटचा बॉल राहिला तेव्हा भोकात एकदा गेला असता तरी ते अव्वांच्या पुढे गेले असते. बॉल डाव्या बंपरवरून आला आणि बरोबर मधोमध निघाला, जिथे कुठलाच फ्लिपर पोचत नाही. दोन्ही फ्लिपर एकदमच उडाले. बॉल दोघांच्या मधून गेला.

मी मशीनच्या डाव्या अंगाला उभा होतो. डॉक्टरांचं बोट माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. बटण त्यांनी वेळेवर आणि पूर्ण दाबलं होतं, नख पांढरं पडेपर्यंत. नंतर दोन्ही घरांतल्या माणसांनी मला वेगवेगळं गाठून विचारलं, शेवटी सोडला का हो त्यानं? मी सगळ्यांना सांगितलं तेच इथे लिहितो. सोडला नाही. अव्वा खेळून जिंकल्या.

"मग मशीन तुझं झालं," अण्णा म्हणाले. "आमचा हॉल मोठा हाय. तितं ठिवू."

"या महिन्यात ती माझ्याकडे आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी माझ्याकडे येईल."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"मग न्या की तुम्ही. मी कुठं नको म्हणतोय?"

अव्वा बाकावर बसल्या होत्या. त्यांनी दोघांकडे दुर्लक्ष केलं आणि माझ्याकडे वळल्या. "तम्मा, शिकलेला मेस्त्री हाईस. ह्ये मशीन दर महिन्याला हिकडनं तिकडं हलवलं तर चालंल?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर पिनबॉलचं मशीन हलतं. चार माणसं लागतात, नवीन जागी पातळी पुन्हा साधावी लागते, बस. मी स्वतः टेंपोत घालून चंदगडमार्गे गोव्याला मशिनं पोचवली आहेत आणि ती उतरवल्याबरोबर चालू झाली आहेत. पण अव्वा माझ्याकडे बघत होत्या आणि उजव्या दाराच्या आत त्यांची ट्रंक दिसत होती. मी पदवीधर माणूस म्हणून जेवढा भारदस्त आवाज काढता येईल तेवढा काढला.

"नाही अव्वा. अजिबात नाही. हलवलं की फळीला ताण बसतो. दोन-तीन वेळा हलवलं तर दुरुस्तीला येणार नाही."

"ऐकलासा?" अव्वा मुलांना म्हणाल्या. "मग मशीन हितंच सोप्यात ऱ्हाणार. आणि मशीन हाय तितं मी. ह्या वयात रोज खेळायला कुणाच्या दारातनं येऊ-जाऊ मी? जेवण एक महिना ह्या दारातनं येऊ दे, एक महिना त्या दारातनं."

दोन्ही सुनांनी एकमेकींकडे पाहिलं आणि थोरली म्हणाली, "खिडकीखाली पलंग मावतोय." धाकटी म्हणाली, "पडदा मी शिवते."

अण्णा उठले आणि उजव्या दारातून आत गेले. वाटणी झाल्यापासून त्यांनी ते दार ओलांडलं नव्हतं. डॉक्टर त्यांच्या मागोमाग गेले. आतून आवाज आले, "तुज्याकडनं उचल," "अरे थांब, कडी धर नीट," आणि दोघे भाऊ ट्रंक घेऊन बाहेर आले, एका कडीला थोरला, दुसऱ्या कडीला धाकटा. त्यांनी ती मशीनच्या मागच्या भिंतीला टेकवायला घेतली.

"तितं नको रे," अव्वा म्हणाल्या. "मागं जागा सोडा. मेस्त्रीला बसायला लागतंय."